राखेतल्या माणसाचं पुस्तक

साक्ष म्हटलं की मला आधी शंका येते. आमच्या चर्चच्या मंडळीत उपासनेनंतर कोणीतरी उठून साक्ष देतं. आजारी पडले, प्रार्थना केली, बरी झाले, आणि सगळे आमेन म्हणतात. मधलं कुठे गेलं, असं मी मनात विचारत बसते. उलट्या कुठे गेल्या, नवऱ्याशी झालेली भांडणं कुठे गेली? म्हणून पाळकसाहेब जेव्हा मला म्हणाले, "सुनंदाबाई, तुमच्या आजारपणाचं लिहा, दुसऱ्यांना आधार होईल," तेव्हा मी त्यांना विचारलं, "मधलं लिहिलं तर चालेल का?" ते "चालेल की" म्हणाले, पण जरा थांबून म्हणाले. ते थांबणं माझ्या लक्षात आहे.

माझा स्वभावच असा. मी जालन्यात घरी ब्लाउज शिवते. कापड कितीही भारी असो, पाण्यातून काढल्याशिवाय मी त्याला कात्री लावत नाही. रंग जाणार नाही असं जी बाई दोनदा सांगते, तिचं कापड मी दोनदा भिजवते. आजार झाल्यावर स्वभाव बदलतो म्हणतात. माझा बदलला नाही, उलट त्याला भरपूर काम मिळालं.

आमच्या घरची रीत

आमचे हे, शमुवेल, अंकुशनगरच्या साखर कारखान्यात फिटर होते. संसाराची बहुतेक वर्षं तिथल्या क्वार्टरमध्ये गेली. निवृत्तीनंतर आम्ही जालन्याला मुलाकडे आलो. मुलगा आशीष स्टीलच्या कारखान्यात आहे, सून प्रेरणा शाळेत शिकवते. घरात आम्ही चौघं.

लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात एक रीत आहे. संध्याकाळचा चहा झाला की पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचायचा. हे वाचतात, बाकीचे ऐकतात. गळिताच्या हंगामात यांची पाळी बदलायची, तेव्हा कधी सकाळी वाचायचो, कधी दुपारी, पण वाचायचो. आणि वाचायचं ते ओळीने. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि संपलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं पान. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. ते म्हणायचे, "जे आलं ते वाचायचं. आपल्याला आवडन ते निवडायला ही काय मंडई हाय का?"

त्यामुळे आमच्या घरी काही म्हणजे काही सुटलं नाही. कोणाचा मुलगा कोण, त्याचा मुलगा कोण, अशा पानंच्या पानं नावांच्या याद्या ऐकत मी शेंगा फोडल्या आहेत. घराच्या भिंतीला बुरशी आली तर याजकाने काय करावं, हे कुकरच्या शिट्ट्या मोजत ऐकलं आहे. फार भक्तिभावाने ऐकलं असं मी म्हणणार नाही. अर्धं लक्ष असायचं, अर्धं नसायचं. आमचं शास्त्र कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेलं नसतं. ते माझ्या मशीनच्या फळीवर दोऱ्याच्या रिळांशेजारी असतं, त्याच्या पानांना हळदीची बोटं लागली आहेत आणि मशीनच्या तेलाचा एक डागही आहे.

त्यातल्या पुस्तकांना आमच्या घरात आमचीच नावं आहेत. सासऱ्यांनी ठेवलेली. आपल्या लोकांसाठी राजापुढे उभी राहिलेली राणी आहे, ते राणीचं पुस्तक. त्याच्या पुढचं, अंगभर फोड येऊन राखेत बसलेल्या भल्या माणसाचं, ते राखेतल्या माणसाचं पुस्तक. आणि त्यानंतर गाणी. आशीष लहान असताना त्याला खरी नावं रविवारच्या शाळेत पाठ करावी लागली, तेव्हा तो रडला होता.

हे सगळं सांगायचं कारण पुढे येईल.

गाठ

शिवणारीच्या गळ्यात टेप कायम असतो. त्या टेपखाली मानेला काहीतरी लागायला लागलं. हात लावला तर गाठ, हरभऱ्याएवढी. काही दिवसांनी बोराएवढी झाली. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, रात्री घामाने उशी ओली. माझेच ब्लाउज मला सैल व्हायला लागले. मापं मीच घेतलेली, म्हणजे चूक मापात नव्हती.

जालन्यातल्या डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली आणि फार गोड बोलले. इतकं गोड की मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले. ज्या डॉक्टरला घाई असते तो बरा, त्याला आपल्यात विशेष काही दिसलेलं नसतं. हे डॉक्टर मात्र खुर्ची ओढून बसले आणि मुलं किती, काय करतात, असं विचारायला लागले. गाठीचा तुकडा काढून तपासायला संभाजीनगरला पाठवला.

रिपोर्ट आणायला मी निघाले तर हे म्हणाले, "तू कशाला धक्के खाती गाडीत? मी आन आशीष जाऊन येतो."

दोघं दुपारी आले. आशीषच्या हातात द्राक्षांची पेटी होती. द्राक्षांचे दिवस होते, पण पेटी आणणारा आमचा आशीष नव्हे. हे खाली बघत बुटाची नाडी सोडत म्हणाले, "टीबीची गाठ हाय. घाबरायचं काम न्हाई. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात इंजेक्शनं घ्यावी लागतीन, बस."

मला विश्वास ठेवायचा होता. खरंच ठेवायचा होता. पण अंकुशनगरच्या कॉलनीत क्षयाची माणसं मी पाहिली होती. त्यांना सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या, आणि घरात पहिलं काम काय व्हायचं, तर त्यांचा पेला वेगळा निघायचा. आमच्याकडे माझा पेला वेगळा निघाला नाही. संध्याकाळी प्रेरणाने माझ्या ताटात उरलेली अर्धी पोळी उचलून खाल्ली. टीबी म्हणता आणि माझं उष्टं खाता?

त्या संध्याकाळी राणीच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय होता. तो इवलासा आहे. यांनी वाचला, मिटला आणि प्रार्थनेत "आमच्या घराला सांभाळ" एवढंच म्हणाले. एरवी यांची प्रार्थना कारखान्याच्या चेअरमनपासून पावसापर्यंत जाते.

उडी

दुसऱ्या दिवशी चहा झाला. मी काज करत बसले होते. यांनी शास्त्र उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. पाण्याकाठी लावलेल्या झाडाचं वर्णन आलं, योग्य वेळी फळ देणारं, पान न कोमेजणारं.

माझी सुई थांबली.

ते झाड म्हणजे पहिलं गाणं. राणीनंतर गाणी येत नाहीत. राणीनंतर राखेतला माणूस येतो, आणि तो काही एका पानाचा नाही. महिना-दीड महिना तो आमच्या घरात मुक्कामाला असतो. यांनी त्याला सबंधच्या सबंध ओलांडला होता.

मी मान वर न करता सगळ्यांकडे पाहिलं. आशीष जमिनीकडे बघत होता. प्रेरणा मोबाइलवर वाचते, तिला रोज पान सापडायला वेळ लागतो आणि तोवर हे दोन ओळी पुढे गेलेले असतात. त्या दिवशी तिचं गाणं आधीच उघडलेलं होतं. म्हणजे यांचं आपसात ठरलं होतं. स्वयंपाकघरात कुजबुज करून तिघांनी ठरवलं होतं की आईपुढे ते पुस्तक नको.

आता याला काय म्हणावं? इतकी वर्षं ज्या बाईला तुम्ही ओळीने वाचून दाखवलं, तिच्यापासून आजार लपवायला तुम्ही ओळच मोडता? दुसऱ्या कुठल्या घरात हे खपून गेलं असतं. जिथे शास्त्र नाताळात आणि मयतीला उघडतात, तिथे कोणाला काय कळणार? आमच्या घरात ते मिठासारखं रोजचं आहे, कमी पडलं की पहिल्या घासाला कळतं.

आणि ते पुस्तक टाळण्याचं कारण काय असेल, हे कळायला मला डॉक्टर लागत नव्हता. त्यात एका चांगल्या माणसाचं सगळं जातं. लेकरं जातात, शरीर जातं, खापराने अंग खाजवत तो राखेत बसतो आणि आपण जन्मलोच कशाला असं विचारतो. टीबीच्या गाठीसाठी एवढी मोठी उडी कोणी मारत नाही.

मी काज पूर्ण केलं. ते वाकडं झालं, दुसऱ्या दिवशी उसवून पुन्हा केलं.

पुरावे

त्यानंतरचे काही दिवस मी पोलिसासारखी घरात वावरले.

पाळकसाहेब आले. आजारी माणसाला भेटायला येणं त्यांचं कामच आहे, पण ते टीबीला भेटायला एवढे लवकर येत नाहीत. त्यांनी शास्त्रातलं एक आरोग्याचं वचन वाचलं आणि निघताना यांचा खांदा दाबला. माझ्या आजारात यांचा खांदा का दाबावा? मंडळीतल्या बायका आल्या. प्रत्येकीने एकेक वचन आणलं होतं, पाहुणे बिस्किटांचा पुडा आणतात तसं. सगळी गोड. बळाची, आरोग्याची, दीर्घायुष्याची. ती वचनं खोटी आहेत असं मी म्हणत नाही, पण सगळ्यांनी मिळून गोड तेवढंच कसं निवडलं, हा माझा प्रश्न होता.

शेजारच्या नसीमआपा शोरबा घेऊन आल्या. त्यांची माझी ओळख मी इथे आल्यापासूनची, त्यांच्या दोन्ही मुलींच्या लग्नातले ब्लाउज मी शिवले आहेत. एरवी बसल्या की तासभर उठत नाहीत. त्या दिवशी उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सुनंदाबाई, ये गरम गरम पी लेना. अल्ला सब ठीक करेगा." आणि बोलताना माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या मानेकडे बघत होत्या.

म्हणजे त्यांनाही सांगितलं होतं. गल्लीला माहीत होतं, मंडळीला माहीत होतं, फक्त मला नाही. भीती वाटत होतीच, पण तिच्यावर रागाचा थर बसला होता. आजार माझ्या अंगात आणि बातमी सगळ्यांत शेवटी माझ्याकडे.

माझी खरी भीती गाठीची नव्हती. यांनी या घरात माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. भांडलो भरपूर, पण खोटं नाही. आता बोलले होते, आणि ते शास्त्र हातात घेऊन. उद्या हे म्हणतील, आज बरं आहे, तर मी ते कशाच्या जोरावर मानू? मरायचं असेल तर मरेन, पण यांच्या प्रत्येक शब्दाला पाण्यात भिजवून बघत मरायचं, हे मला नको होतं.

मी वाचलं

दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी चहा झाला. यांनी हात पुढे करण्याआधी मी शास्त्र उचललं.

"आज मी वाचते," मी म्हणाले.

"तुझा घसा दुखंन," हे म्हणाले.

"घसा माझाय."

मी राणीचं शेवटचं पान शोधलं, ते उलटलं आणि वाचायला लागले. त्या माणसाची गुरं, मेंढ्या, लेकरं, सगळी मोजदाद आली. मग एकेक निरोप्या धावत येतो आणि काय काय गेलं ते सांगतो. दुसरा निरोप्या आला तेव्हा हे उठले आणि बाहेर गेले. अंगणातला नळ सुटल्याचा आवाज आला. प्रेरणा रडायला लागली. आशीष "आई, बास कर ना" म्हणाला. मी थांबले नाही. आमच्या घरात अध्याय अर्धा सोडत नाहीत.

अध्याय संपल्यावर हे आत आले. तोंड धुतलेलं, पुसलेलं नाही. समोर बसले.

"क्यान्सर हाय, सुनंदा," हे म्हणाले. "गाठीचा. टीबी न्हाई."

"कधी कळलं?"

"राणी संपली त्या दिवशी."

"मंग सांगितलं कामून नाही?"

यांनी माझ्यापुढचं शास्त्र मिटलं. मग म्हणाले, "डॉक्टर म्हन्ले, ह्या जातीला औषध लागू पडतंय. चांगलं लागू पडतंय म्हन्ले. ते बी सांगायचं व्हतं तुला. पन आधीचंच तोंडातून निघंना, तं नंतरचं कसं सांगू?"

"आणि पुस्तक?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच वाचून पाह्यलं मी. तू दळण आणाया गेल्ती. म्हन्लं, जमलं तं संध्याकाळी वाचू. दुसऱ्या निरोप्यापाशी आवाजच बसला. मंग पोरांना म्हन्लं, आज गाणं काढा." त्यांनी हाताने तोंड पुसलं. "तुला फशवायचं म्हणून न्हाई सोडलं. मला वाचवंनाच गेलं."

मला वाटलं होतं की खरं कळलं की मी कोसळेन. तसं झालं नाही. मी खूप बोलले त्यांना. तिघांनाही बोलले. आवाज एवढा चढला की नसीमआपा दाराशी आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मैं तो भाईसाब को बोली थी. जिसकी बीमारी है उसको बताना पड़ता. सुने नहीं." आणि मग आत येऊन बसल्या, नेहमीसारख्या तासभर.

त्या रात्री भीती वाटली, खूप. पण निदान भीतीला नाव होतं.

लाल औषध

ज्यांना हे उपचार घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी जेवढं उपयोगी आहे तेवढंच लिहिते.

दर तीन आठवड्यांनी आम्ही सकाळच्या गाडीने संभाजीनगरला जायचो. रक्त तपासायचं, ते बरं असलं तर खाट मिळायची, सलाइन लागायचं. त्यातलं एक औषध सरबतासारखं लाल. सिस्टर म्हणाली, "काही नाही होत आजी, थोडं मळमळेल." मी आजी नाही हे मी तिला सांगितलं, आणि 'थोडं' म्हणजे किती हेही विचारलं. ती हसली. थोडं नव्हतं. घरी आल्यावर दोन दिवस पाण्यालाही लोखंडाची चव यायची. केस गेले ते वेणी घालताना हातात आले. तोंडात फोड आले तेव्हा नसीमआपांची पातळ, बिनतिखटाची खिचडी तेवढी गिळता यायची. ती त्या न सांगता पाठवायच्या.

मी सगळ्यांवर संशय घेतला. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय मी सुई लावू दिली नाही. यात मला काही चुकीचं वाटत नाही, तुम्हीही वाचा. पण एक सांगते. यांना मी बजावलं होतं, "आजपासून डॉक्टर जे म्हणेल ते सगळं मला सांगायचं, निवडून नाही." हे हो म्हणाले. मी त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. ते डॉक्टरांच्या खोलीतून आले की मी आशीषला वेगळं बाजूला घेऊन तेच विचारायची आणि दोघांची उत्तरं जुळवून बघायची. हे लांबून बघायचे.

वाचन मात्र सुरू राहिलं, ओळीने. घरी मळमळीत मला ऐकवायचं नाही, म्हणून राखेतला माणूस आमच्याबरोबर दवाखान्यात आला, तिथे एका दिवसात सात-आठ अध्याय व्हायचे. सलाइन चालू असताना हे स्टुलावर बसून हळू आवाजात वाचायचे. पहिल्या दिवशी आवाज कापत होता, नंतर स्थिरावला.

त्याची बायको

शेजारच्या खाटेवर काशीबाई असायच्या. पिंपळगाव रेणुकाईच्या. शेती, दोन म्हशी, रेणुकामातेवर श्रद्धा. योगायोगाने त्यांचं माझं सलाइन बहुतेक एकाच दिवशी असायचं. पहिल्यांदा त्या कूस वळवून पडल्या होत्या. मला वाटलं, यांचं वाचणं त्यांना आवडत नसावं. दुसऱ्या खेपेला त्याच म्हणाल्या, "भाऊ, वाईच जोरात वाचा. त्या बाप्याचं पुढं काय झालं?"

त्या पुस्तकात पुढे त्या माणसाचे मित्र येतात आणि बोलतात. पानंच्या पानं बोलतात. तुझंच काही चुकलं असेल, मन शुद्ध कर, देव न्यायी आहे. काशीबाई ऐकून ऐकून वैतागल्या. "हे सोयरे उठत कामून न्हाईत? घरी कामंधंदे न्हाईत का यांना?"

मी हसले तर सलाइनचा हात हलला आणि सिस्टर रागावली. मला मंडळीतल्या बायका आठवत होत्या, वचनांसह. त्या पुस्तकात शेवटी देव त्या उपदेश करणाऱ्या मित्रांवरच रागावतो आणि ओरडणाऱ्या आजारी माणसाची बाजू घेतो, हे मी किती वेळा ऐकलं होतं आणि कधी कानात शिरलं नव्हतं.

मग एका खेपेला काशीबाईंनी विचारलं, "त्याची बायको कुठंय?"

हे वाचायचे थांबले. "सुरुवातीला हाय," म्हणाले. "एकदाच बोलती. देवाला शिव्या दे आन मर, आसं म्हनती."

"मंग तिची कोन चौकशी करतंय?" काशीबाई म्हणाल्या. "लेकरं तं तिचीबी गेली ना? नवऱ्याच्या अंगाला फोडं, तो राखंत बसून राह्यला, सगळे त्याच्याकडंच बघून राह्यले. तिला कोनी इच्यारलं का, जेवली का म्हणून?"

हे पुस्तकात बोट घालून बसून राहिले. मी यांच्याकडे पाहिलं. शर्टाची कॉलर मळलेली होती. गालफडं आत गेली होती, ती कधी गेली ते मला कळलं नव्हतं. माझा पुरावे गोळा करण्यात वेळ गेला होता. हा माणूस डॉक्टरांच्या खोलीत माझ्या आजाराचं नाव ऐकून बाहेर आला, आणि त्या दिवसापासून त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. पाळकसाहेबांनी खांदा दाबला तेवढाच. त्यावरही मी संशय घेतला.

"तुम्ही जेवलात का?" मी विचारलं.

"खाल्लं ना," हे म्हणाले.

"काय खाल्लं?"

पुस्तक मिटत म्हणाले, "न्हाई खाल्लं."

मी त्यांना खालच्या कँटीनमध्ये पाठवलं. घरी जाताना गाडीत मला एकदम रडायला आलं आणि मी खिडकीकडे तोंड करून रडले. त्यानंतर आशीषला वेगळं विचारणं मी बंद केलं. विश्वास बसला होता म्हणून नाही. बसला तर बघावा म्हणून.

शेवटाबद्दल माझी शंका

पुस्तक संपलं त्या दिवशी काशीबाईंचं शेवटचं सलाइन होतं. शेवटी तो माणूस बरा होतो. गुरं दुप्पट मिळतात, पुन्हा मुलं होतात.

"पहिली लेकरं आली का परत?" काशीबाईंनी विचारलं.

"न्हाई," हे म्हणाले. "नवी झाली."

काशीबाईंनी जरा विचार केला. "हे मला पटलं न्हाई."

"मलाही नाही," मी म्हणाले. खरंच, कधीच पटलेलं नाही. त्या शेवटावर मला लग्न होऊन आले तेव्हापासून शंका आहे, आणि मी ती देवाला प्रार्थनेत सांगितलीही आहे. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. पण शंका सांगता येते एवढी ओळख त्या पुस्तकाशी झाली आहे, आणि ती काही आजारपणात झालेली नाही. ती शेंगा फोडताना झाली. दवाखान्यात पहिल्यांदा शास्त्र उघडलं असतं तर मला वाटतं, मीही गोड तेवढंच शोधलं असतं. म्हणून तुम्हाला सांगायचं ते हेच, की बऱ्या दिवसांत वाचा, कंटाळा आला तरी वाचा, आणि मधलं गाळू नका.

काशीबाईंना मी अधूनमधून फोन लावते. त्यांचा मुलगा उचलतो आणि "बरी हाय माय" म्हणतो. मी म्हणते, "तिला दे." मग त्या येतात आणि म्हशींबद्दल बोलतात.

रिपोर्ट

सगळी सलाइनं झाल्यावर मला दवाखान्यातल्या मोठ्या मशीनमध्ये घालून तपासणी केली. रिपोर्टच्या दिवशी मला ताप होता, म्हणून हे एकटेच गेले. आशीष कामावर होता. म्हणजे जुळवून बघायला दुसरं कोणी नव्हतं.

ताप असूनही मी दिवसभर शिवणाच्या मशीनवर बसले आणि एक बाही उलटी लावली. दुपार कलली तेव्हा फाटकाचा आवाज आला. हे आत आले ते बूट न काढता. काखेत फाइल होती. मी त्यांच्या हातात द्राक्षांची पेटी वगैरे आहे का ते पाहिलं. काही नव्हतं.

"डॉक्टर म्हन्ले, गाठ दिसत न्हाई," हे म्हणाले. "कुठंच न्हाई."

मी बाही खाली ठेवली. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांब. पुरं ऐक. 'सध्या' म्हन्ले. सध्या दिसत न्हाई. पुन्हा येऊ शकती म्हन्ले. दर तीन महिन्याला दाखवायचं." ते धापा टाकत होते, चौकापासून भरभर चालत आले होते. "रस्त्यानं तेच घोकत आलो. म्हन्लं, तो शब्द घरी येईस्तोवर सांडायला नको."

मला तो शब्द नको होता. खूप नको होता. आणि यांनी तो गाळला असता तर मला कधीच कळलं नसतं.

हे समोर बसले आणि फाइल माझ्यापुढे सरकवली. मी ती उघडली नाही. त्यांना विचारलं, "जेवलात का?"